विमानांचे रंग आणि त्यांची ओळख

आकाशात विमानाची घरघर ऐकू आली की लहानथोर सारेच मान वर करतात. “विमान चालले,” एवढे म्हणून बहुतेक जण पुन्हा आपल्या कामास लागतात. परंतु काही थोड्या लोकांचे तेवढ्याने समाधान होत नाही. ते विमान कोणत्या बनावटीचे, कोणत्या कंपनीचे, आणि शक्य तर नेमके कोणते, हे जाणून घेतल्यावाचून त्यांना चैन पडत नाही. हाती दुर्बीण, कॅमेरा व वही घेऊन विमानतळाच्या कुंपणाबाहेर तासन्‌तास उभे राहणारे असे विमाननिरीक्षक जगातील अनेक मोठ्या शहरांत आढळतात. पक्षिनिरीक्षकांचा आणि त्यांचा छंद एकाच जातीचा आहे. दोघांनाही आधी आकार ओळखावा लागतो आणि मग रंग.

एंजिने किती आहेत, ती पंखांखाली टांगलेली आहेत की शेपटीजवळ बसविलेली आहेत, यावरून विमानाची बनावट कळू लागते. बोइंग ७४७ हे विमान तर त्याच्या पुढील भागावरील कुबडामुळे नवख्यासही ओळखता येते. परंतु एकाच आकाराची विमाने अनेक कंपन्या उडवितात. तेथे रंगावाचून गत्यंतर नसते.

पूर्वी पुष्कळ विमानांचे धड उघड्या ॲल्युमिनियमचेच असे. पुढे छताकडील भाग पांढरा रंगविण्याची चाल पडली, कारण पांढऱ्या रंगाने उन्हाची उष्णता परतविली जाते. खिडक्यांच्या रांगेवरून नाकापासून शेपटीपर्यंत एक रंगीत पट्टा ओढला जाई आणि शेपटीच्या उभ्या पंखावर कंपनीचे चिन्ह काढले जाई. रंग म्हणजे केवळ शोभा नव्हे. तो धातूचे गंजण्यापासून रक्षणही करतो. मात्र त्यास वजन असते. मोठ्या विमानावरील रंगाचे वजन शेकडो किलोग्रॅम भरते, आणि ते प्रत्येक उड्डाणात वाहून न्यावे लागते. अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने आपली विमाने दीर्घकाळ चकचकीत धातूचीच ठेविली होती. तथापि नव्या काळातील काही विमानांची धडे धातूची नसून कार्बनच्या धाग्यांपासून सिद्ध केलेल्या पदार्थाची असतात. त्यांना उघडे ठेवून चालत नाही. त्यामुळे २०१३ साली त्या कंपनीनेही आपली जुनी रीत सोडली.

आपल्या एअर इंडियाची रंगयोजना या सर्वांहून निराळी होती. १९७१ साली या कंपनीकडे पहिले बोइंग ७४७ विमान आले. त्याचे नाव ‘सम्राट अशोक’. त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती राजवाड्यातील झरोक्याप्रमाणे तांबडी कमान रंगविलेली होती. १९४६ साली जन्मास आलेल्या ‘महाराजा’ या चित्रातील पाहुणचाराची कल्पनाच जणू विमानाच्या अंगावर उतरली होती. परदेशी विमानतळावर दहा विमाने ओळीने उभी असली तरी या कमानी दुरून ओळखू येत. असे रंग पुष्कळ झाले नाहीत, असे आमचे मत आहे. ते ‘सम्राट अशोक’ १९७८ सालच्या १ जानेवारीस मुंबईहून उडाल्यावर थोड्याच वेळात समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व २१३ माणसे मृत्यू पावली. आज ते विमान पाहावयाचे तर छायाचित्रांतच पाहावे लागते. २०२३ साली कंपनीने नवी रंगयोजना जाहीर केली, आणि जुन्या रंगातील विमाने टिपण्यासाठी निरीक्षकांची लगबग सुरू झाली.

मुंबईत वर्षाचा बराच काळ वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून वाहतो. विमान वाऱ्यास सामोरे जाऊन उतरते. म्हणून येणारी विमाने बहुधा घाटकोपर-कुर्ल्याच्या घरांवरून, अगदी कमी उंचीवरून येतात. छायाचित्रकाराने सूर्य पाठीशी घ्यावा. भर दुपार टाळावी, कारण तापलेल्या धावपट्टीवरील हवा थरथरते आणि दूरचे चित्र अस्पष्ट येते. पंख्याच्या विमानाचे चित्र फार अल्प वेळात टिपले तर फिरते पंखे जागीच थिजल्यासारखे दिसतात. त्यास किंचित अधिक वेळ द्यावा लागतो.

खऱ्या निरीक्षकाची दृष्टी अखेर धडावरील लहानशा अक्षरांकडे वळते. हे विमानाचे नोंदणीचिन्ह होय. भारतीय विमानांचे चिन्ह ‘व्हीटी’ने, ब्रिटनचे ‘जी’ने, तर अमेरिकेचे ‘एन’ने आरंभ होते. विमान नव्याने रंगविले तरी एवढ्याने हे चिन्ह बदलत नाही. निरीक्षक ते दिवस, वेळ व स्थळ यांसह वहीत टिपून ठेवितात.

या वहीमुळे कधी कधी मोठे संकट ओढवते. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधील कालामाता येथील वायुदलाच्या तळावर काही ब्रिटिश व डच छंदी लोकांना हेर समजून पकडण्यात आले. चिन्हे टिपून घेण्यासाठी कोणी एवढा प्रवास करीत असेल, हे तेथील अधिकाऱ्यांस पटेना. कित्येक आठवडे ते तुरुंगात राहिले. एप्रिल २००२ मध्ये त्यांना शिक्षा झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात वरच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. देशाच्या संरक्षणाची काळजी रास्तच आहे. आपल्याकडेही विमानतळावर छायाचित्रे घेण्यावर १९३७ च्या विमान नियमांनी निर्बंध घातलेले आहेत, आणि परवानगी घेतल्यावाचून तेथे कॅमेरा रोखणे योग्य नव्हे.

पण याच वह्यांनी अन्यायास वाचाही फोडली आहे. खालेद एल-मासरी या जर्मन नागरिकास नावाच्या साधर्म्यामुळे दहशतवादी समजून मॅसिडोनियात पकडण्यात आले आणि जानेवारी २००४ मध्ये गुप्तपणे विमानाने अफगाणिस्तानात नेण्यात आले. काही महिन्यांनी सुटल्यावर त्याने आपली हकीकत सांगितली, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवावयास फारसे कोणी तयार नव्हते. ते विमान एखाद्या प्रसिद्ध प्रवासी कंपनीचे नव्हते. त्यावर ‘एन ३१३ पी’ ही अक्षरे मात्र होती. स्पेनमधील पाल्मा येथील एका छंदी छायाचित्रकाराने ते विमान त्याच महिन्यात टिपले होते. अशी छायाचित्रे व उड्डाणांच्या नोंदी जुळवून पत्रकारांनी व तपास करणाऱ्यांनी त्या विमानाचा मार्ग शोधून काढला. डिसेंबर २०१२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने एल-मासरी याची हकीकत खरी मानिली आणि त्यास ६०,००० युरो भरपाई देण्याची आज्ञा मॅसिडोनियास केली.