'इम्पर्व्हिअस' : एका विशेषणाची वाट

गेल्या वर्षी भाषांतराच्या तासाला एक इंग्रजी वाक्य आले होते. अमुक एक गृहस्थ टीकेला 'इम्पर्व्हिअस' होते, असा त्याचा आशय. मी बेधडक लिहिले, 'ते गृहस्थ टीकेपासून अभेद्य होते.' वर्गात हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. ते एवढेच म्हणाले, 'तुला शब्द सापडला, अर्थ सापडला नाही. शोधून आण.' प्रस्तुत लेख ही त्या शोधाची हकिकत आहे.

प्रथम शब्दाची फोड पाहू. लॅटिनमध्ये 'व्हिया' म्हणजे वाट आणि 'पेर' म्हणजे आरपार. ज्यातून आरपार वाट आहे ते 'पर्व्हिअस', व जिथे तशी वाट नाही ते 'इम्पर्व्हिअस'. याच 'व्हिया'च्या पोटी आणखी काही ओळखीचे शब्द जन्मले आहेत. वाटेतच समोर उभे असलेले ते 'ऑब्व्हिअस', वाटेने आधी गेलेले ते 'प्रीव्हिअस' आणि वाट सोडून जाणारे ते 'डीव्हिअस'. एकदा ही वाट दिसली की पाठांतराची गरज उरत नाही.

आपल्याकडेही असाच एक शब्द आहे. 'दुर्ग' हा शब्द 'दुर्' आणि 'गम्' यांपासून झाला. जिथे जाणे कठीण तो दुर्ग. लॅटिनने वाटेवरून शब्द घडविला, संस्कृतने जाण्यावरून. हा विचार मनात घेऊनच मी दौलताबादचा किल्ला पुन्हा एकदा पाहून आलो.

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाताना सुमारे १५ किलोमीटरवर हा डोंगर लागतो. त्याचा खालचा भाग तासून उभा कडा केला आहे व पायथ्याशी कातळातच खंदक खोदला आहे. वर जायला पुढे 'अंधारी' हा काळोखा भुयारी मार्ग. अशा किल्ल्याला इंग्रजीत 'इम्प्रेग्नेबल' म्हणतात. तो शब्द 'घेणे' या अर्थाच्या फ्रेंच धातूवरून आला. जो घेता येत नाही तो इम्प्रेग्नेबल, म्हणजे आपला 'अजिंक्य'. फोडता किंवा भेदता येत नाही ते 'अभेद्य'. आणि ज्यातून काही आत झिरपत नाही ते 'इम्पर्व्हिअस'. किल्ला अजिंक्य, तट अभेद्य, पण पाणी धरून ठेवणारा खंदकाचा कातळ इम्पर्व्हिअस ! माझी चूक ती हीच होती.

इतिहास मात्र याहून पुढचे सांगतो. १२९६ साली अल्लाउद्दीन खलजी चालून आला तेव्हा रामचंद्रदेव यादवांना तह करावा लागला. गडावर धान्य म्हणून चढविलेल्या पोत्यांत मीठ निघाले, अशी कथा सांगतात. १६३३ साली महाबतखानाच्या वेढ्यापुढे निजामशाहीच्या फत्तेखानाने किल्ला सोडला. दोन्ही वेळा कड्यातून कोणी आरपार गेले नाही. कातळ इम्पर्व्हिअस राहिला, किल्ला इम्प्रेग्नेबल राहिला नाही.

आता याच कुळातील दोन शब्द पाहू. 'पोरस' म्हणजे सच्छिद्र आणि 'पर्मिएबल' म्हणजे पारगम्य, झिरपू देणारा. आपण हे दोन्ही एकच समजतो, पण ते एक नाहीत. आपल्या भागातील कित्येक काळ्या दगडांत बुडबुड्यांची छिद्रे असतात, पण ती एकमेकांना जोडलेली नसतील तर पाणी पुढे सरकत नाही. असा दगड पोरस आहे, पर्मिएबल नाही. चिकणमातीत तर पोकळी पुष्कळ, पण ती इतकी बारीक की पाणी अतिशय सावकाश सरकते. उलट मातीचा माठ पाझरतो, म्हणून त्यातले पाणी गार होते.

हा भेद मला पुस्तकाआधी घरीच समजायला हवा होता. आमचे शेत किल्ला दिसेल इतक्या अंतरावर आहे. आण्णांनी तिथे विहीर खोदायला घेतली. खोदणारे म्हातारे मिस्त्री म्हणाले, 'आण्णा, इथं एकसंध पाषाण हाय, दहा पावलं तिकडं सरका.' जागा आजोबांनी दाखविलेली, म्हणून आण्णा ऐकेनात. दोन उन्हाळे गेले, उसनवारी झाली, पाणी लागले नाही. तिकडे शेजाऱ्यांच्या विहिरीला भेगेतून पाणी फुटले. त्या दिवसांत मी वहीत लिहिले होते, 'माझे वडील सल्ल्याला इम्पर्व्हिअस आहेत.' व्याकरण बिनचूक होते.

एका संध्याकाळी आण्णा कोरड्या विहिरीच्या काठावर बसले होते. मला म्हणाले, 'बाळा, मिस्त्रींचं तेव्हाच ऐकायला पाहिजे होतं.' दुसऱ्या दिवशी ते स्वतः मिस्त्रींकडे गेले. त्यांच्याच सांगण्यावरून विहिरीत त्या बाजूने आडवे बोअर घेतले, ते भेगेला जाऊन भिडले आणि पाणी आले. माझे विशेषण चुकले होते. आण्णा कातळ नव्हते, चिकणमाती होते. झिरपायला दोन वर्षे लागली, एवढेच.

विद्यार्थी मित्रांसाठी उपयोगाचे नियम थोडक्यात सांगतो. 'इम्पर्व्हिअस'नंतर 'टू' हे शब्दयोगी अव्यय येते, 'फ्रॉम' नव्हे. तो पदार्थाला लागतो, तसाच माणसालाही लागतो : पाण्याला, टीकेला, विनवणीला इम्पर्व्हिअस. 'इम्पर्मिएबल' बहुधा पदार्थापुरताच ठेवावा. 'पर्व्हिअस' क्वचित, मुख्यतः बांधकामाच्या भाषेत भेटतो. 'पोरस' मात्र देशाच्या सीमेलाही लावतात, जिथून ये-जा थांबत नाही अशा.

राहिले ते वाक्य. सरांना मी नवे भाषांतर दाखविले : 'टीका त्यांना लागतच नसे.' सरांनी ते मान्य केले आणि विचारले, 'पालथ्या घड्यावर पाणी, ही म्हण का नाही घेतलीस ?' मी म्हणालो, 'सर, पालथा घडा इम्पर्व्हिअस नसतो. सरळ केला की तो भरतो.' सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, 'आता अर्थ सापडला.'