कंबर ३२, पोट ३६

पॅन्ट कुठे बसते आणि पोट कुठे असतं, यातला फरक शिंप्याला रोज दिसतो. गिऱ्हाईक येतं, हात किंचित वर करून उभं राहतं आणि मी फीत गुंडाळायच्या आत सांगून टाकतं, "बत्तीस घ्या मास्तर, कॉलेजपासून बत्तीसच आहे." खोटं नसतं ते. पट्टा पोटाच्या खाली, कमरेच्या हाडावर बांधला की बत्तीसच भरतं. फक्त कॉलेजात पॅन्ट बेंबीजवळ बसायची, ती आता चार बोटं खाली उतरलेली असते. जुनी पॅन्ट उसवायला येते तेव्हा आणखी एक दिसतं. पट्टीत ती आवळते, पण सीटमध्ये आणि मांडीत उलट ढिली झालेली असते. पोट पुढे, मांडी बारीक, सीट सपाट. पन्नाशीच्या पुरुषांचं हे माप इतकं नेहमीचं झालंय की ते कापताना माझा हात आपोआप तसा वळतो.

माझं स्वतःचं मापही याच जातीचं. उंची पाच फूट पाच इंच, वजन ५८ किलो, हातपाय काटकुळे. नातेवाइकांत मी "काडी" म्हणून प्रसिद्ध. शुगर, बीपी हे विषय निघाले की मला कोणी त्यात धरतच नसे. "तुला काय धाड भरलीय" असं म्हणून पेढ्यांचा बॉक्स पुढे सरकवला जाई. एका मंडळाच्या आरोग्य शिबिरात मी रांगेत उभा राहिलो होतो. तिथे आधी वजन-उंची घेत आणि जे जाड ठरत त्यांनाच रक्ताच्या टेबलाकडे पाठवत. माझ्या चिठ्ठीवर "नॉर्मल" असा शिक्का मारून त्यांनी मला दारातूनच परत लावून दिलं.

पुढे उजवा खांदा धरला. आधी वरच्या फळीवरचा तागा काढताना कळ यायची, मग शर्टाची पाठ मापताना हात वर जाईना, शेवटी रात्री कुशीवर वळणंही मुश्कील झालं. कात्री चालवणाऱ्याचा खांदा दुखणारच, असं मी धरून चाललो होतो आणि दुकानात सगळ्यांचं तेच मत होतं. हाडाच्या डॉक्टरांनी मात्र हात चारही बाजूंनी फिरवून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "शुगर कधी तपासलीत?" खांदा आखडणं मधुमेह असलेल्यांत इतरांपेक्षा बरंच जास्त दिसतं, हे तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी एचबीए१सी तपासणी झाली. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह. माझी ८.४ आली. म्हणजे हे घरात येऊन बसलेलं चांगलंच जुनं पाहुणं होतं.

आमच्या दुकानापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात, नेमक्या माझ्यासारख्या माणसांवर वर्षानुवर्षं संशोधन चाललंय, हे मला मधुमेह झाल्यावर कळलं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला होता. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ज्याला बीएमआय म्हणतात, दोघांचा अगदी सारखा: २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर दोघे एकच, आत दुपटीपेक्षा जास्त फरक.

हा फरक येतो कुठून, याचा माग याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत काढला. १९९३ पासून तिथल्या स्त्रियांची गर्भारपणात आणि पुढे त्यांच्या मुलांची तपासणी सुरू झाली. तिथलं बाळ जन्मताना सरासरी २.७ किलोचं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं. आपलं बाळ सगळ्याच मापांत लहान भरलं, पण सारखं लहान नाही. स्नायू आणि पोटातले अवयव फार कमी, पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने जवळजवळ राखलेली. म्हणजे बारीक दिसणारं बाळही चरबीच्या बाबतीत बारीक नसतं. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या आयांच्या पोटातून आपण हा बांधा घेऊन येतो आणि मग शहरात येऊन दिवसभर बसून काम करतो.

डॉक्टरांनी मला पुढचं समजावलं, ते मी माझ्या भाषेत सांगतो. शिवताना आतल्या बाजूला आम्ही थोडी माया सोडतो, म्हणजे माणूस सुटला तर पॅन्ट सैल करता येते. कातडीखाली चरबी साठवायची जागा ही शरीराची माया. कोणाला ती तीन इंच मिळालेली असते, कोणाला अर्धा. ती संपली की जास्तीची चरबी यकृतात आणि आतड्यांभोवती जाऊन बसते. यकृतात चरबी साठली की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि गरज नसतानाही रक्तात साखर सोडत राहतं. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतून काही वर्षं तोल सांभाळतं, मग थकतं. त्यात जेवणानंतरची साखर ओढून घेणारं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू, तेच आपल्याकडे मुळात तोकडे.

बीएमआयचा हिशोब अडॉल्फ केतले या बेल्जियन गणितज्ञाने १८३०च्या दशकात मांडला, तो आख्ख्या लोकसंख्येचा सरासरी माणूस शोधण्यासाठी. समोर उभ्या असलेल्या एका माणसाचं पोट ओळखायला नव्हे. आपल्यासाठी त्याच्या मर्यादा खाली आणल्यात, २३ च्या वर जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा, पण माझा आकडा २१.३ होता. या मर्यादेतूनही मी सुटलोच असतो. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यात बीएमआयप्रमाणे लठ्ठ प्रौढ २८.६ टक्के, आणि पोटाच्या घेराप्रमाणे ३९.५ टक्के. मधल्या टक्क्यांत माझ्यासारखे कितीतरी "नॉर्मल" शिक्केवाले असणार.

तेव्हा काट्याबरोबर फीत घ्या. कशी घ्यायची ते मात्र नीट ऐका, कारण निम्मे लोक पॅन्टचंच माप सांगतात. शर्ट वर, पट्टा सैल. बाजूने चाचपून शेवटची बरगडी शोधा, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधा, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये फीत ठेवा. ती मागूनही आडवी सरळ हवी. एकटा माणूस माप घेतो तेव्हा पाठीकडे फीत हमखास खाली घसरते, म्हणून दुसऱ्याला धरायला सांगा किंवा आरशात पाहा. फीत टेकली पाहिजे, रुतता कामा नये. श्वास सहज सोडायचा आणि सोडल्यावर आकडा वाचायचा. पोट आत ओढण्यात काही अर्थ नाही. गिऱ्हाइकं ते माझ्यासमोर करतात आणि मग ट्रायलला पॅन्ट होत नाही म्हणून मलाच बोलतात. पुरुषांना ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच, आणि बायकांना ८० सेंटिमीटर, साडेएकतीस इंच, ही आपल्याकडची हद्द. ब्रिटनमध्ये २०२२ पासून याहून सोपा सल्ला देतात: घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी ठेवा. माझी उंची ६५ इंच, म्हणजे साडेबत्तीसच्या आत. माझी पॅन्ट ३२ची आणि पोट ३६ भरलं.

घेर हद्दीबाहेर असेल, किंवा आई-वडील, भावंडं यांत कोणाला शुगर असेल, तर वजन कितीही कमी असो, रक्त तपासून घ्या. नुसती उपाशीपोटीची शुगर पुरत नाही. आपल्यातल्या अनेकांची सकाळची ठीक येते आणि खाल्ल्यानंतरची चढलेली असते. सोबत एचबीए१सी करा. बायकांनी आपलं हिमोग्लोबिन डॉक्टरांना दाखवावं, कारण लोहाच्या कमतरतेत एचबीए१सीचा आकडा खोटा वर दिसू शकतो.

आता खाण्याचं. मधुमेह म्हटलं की आपल्याकडे पहिला बळी भाताचा. मीही भात सोडून ज्वारीच्या भाकरीवर आलो, आणि भाकरी "चालते" म्हणून आमच्या घरात ती मोजणं कोणाच्या मनातही आलं नाही. २०२५ साली इंडियाबच्याच गटाने लोकांचं जेवण मोजलं. आपल्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात. भाताच्या जागी गहू किंवा भरडधान्याचं पीठ आलं, पण एकूण पिष्ट तेवढंच राहिलं, तर धोका कमी झालेला दिसला नाही. त्यातला थोडा हिस्सा डाळी आणि दूधदुभत्याच्या प्रथिनांनी घेतला तर दिसला. त्यामुळे आमच्याकडे ताटाची मांडणी बदलली. घरात माळ आहे, अंडं-मासा नाही. मग मटकी किंवा चवळीची उसळ मोठ्या वाटीत, दही, पिठलं, आणि भाकरी एकच. दुकानात दिवसभर चालणारा साखरेचा चहा बंद करणं याहून अवघड गेलं, ते अजून पूर्ण जमलेलं नाही.

वजन कमी करायला सांगितलं तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, यातून काढू काय? पण न्यूकॅसल विद्यापीठातल्या रॉय टेलर यांच्या गटाने हेच तपासलंय. त्यांच्या २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात लठ्ठ नसलेले वीस मधुमेही होते. देखरेखीखाली कमी उष्मांकांच्या आहारावर वजन उतरवल्यावर त्यातल्या चौदा जणांची शुगर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या हद्दीखाली आली. अभ्यास छोटा आहे आणि इंग्लंडातला आहे, त्यावरून कोणी गोळ्या फेकून देऊ नयेत. मला सांगितलेलं होतं ते असं: तीनचार किलो पोटातले जाऊ द्या, पण हातापायांतलं जाऊ देऊ नका. म्हणून चालण्याच्या जोडीला उठाबशा, भिंतीला हात लावून जोर, आणि खांदा सुटल्यावर वजनं. घेर साडेतेहेतीसवर आलाय, इंचभर बाकी आहे.

कमी खायच्या प्रयोगांबद्दल एक ताकीद. साताऱ्याच्या आमच्या मेहुण्यांनी कोणाचं तरी ऐकून नाश्ता बंद केला, दोनदाच जेवायला लागले. चांगलाच उत्साह होता. पण त्यांच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड होती आणि ती सकाळची गोळी त्यांनी चालूच ठेवली. एसटी स्टँडवर दरदरून घाम, हात थरथरायला लागले, जीभ जड झाली. लोकांना वाटलं प्यायलेत. बहिणीने पर्समधली साखर तोंडात कोंबली म्हणून निभावलं. ही गोळी तुम्ही जेवलात की नाही ते बघत नाही, ती स्वादुपिंडातून इन्सुलिन काढतच राहते. इन्सुलिनच्या इंजेक्शनचंही तसंच. नुसत्या मेटफॉर्मिन या गोळीवर असा प्रकार सहसा होत नाही. तेव्हा उपास असो, एकादशी असो की नवा आहार, आधी गोळ्यांची नावं घेऊन डॉक्टरांकडे जा आणि डोस बदलून घ्या.

आणि सगळे बारीक मधुमेही एका मापाचे नसतात. वजन आपोआप भराभर उतरत असेल, तहान भागत नसेल, तर तो वेगळा प्रकार असू शकतो, आणि त्याला वेळेवर इन्सुलिन लागतं. लहानपणच्या कुपोषणातून येणाऱ्या मधुमेहात इन्सुलिनच कमी पडतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या संशोधनाने ते नीट दाखवलं, आणि आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये त्याला 'टाइप ५' असं वेगळं स्थान दिलं. अशा माणसाला "अजून कमी खा" सांगणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

माझ्या बाबतीत आणखी एक धागा निघाला. मशीनच्या पायडलवर पाय ठेवला की तळव्याला मुंग्या यायच्या, पुढे पुढे तर पायडल पायाखाली आहे की नाही ते खाली बघून ठरवावं लागे. शुगरने नसा जातात, हे सगळ्यांना माहीत, म्हणून सगळ्यांनी तेच निदान केलं. तपासलं तेव्हा बी१२ तळाला गेलेलं निघालं. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, शाकाहाऱ्याला दूध-दह्याचाच आधार. त्यात मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की ते आणखी कमी होतं, पित्तासाठी रोज घेतलेल्या गोळीनेही होतं. याज्ञिकांच्या त्या सहा गावांत गर्भवतींपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींचं बी१२ कमी भरलं होतं. मला इंजेक्शनं घ्यावी लागली, मुंग्या बऱ्याच गेल्या. मेटफॉर्मिन चालू असेल तर वर्षाकाठी ही तपासणी स्वतःहून मागा. मला ती सांगायला कोणी आलं नव्हतं.

हल्ली पावती-पुस्तकात मी कंबर आणि पोट असे दोन आकडे लिहितो. गिऱ्हाइकाने विचारलं तर सांगतो, नाही तर गप्प. मापावरून माणसाला बोलणं धंद्याला परवडत नाही. दुकानातल्या कारागिरांची मापं मात्र मी बळेच घेतली. त्यातला सगळ्यात बारीक पोरगा सव्विशीतला, वजन ५४, आणि पोट ३४. आईला शुगर. पाठीमागे लागून तपासायला लावलं तर आकडा ६ निघाला, मधुमेहाच्या उंबऱ्यावर. तो अजून माझ्याशी हुज्जत घालतो, "मास्तर, लग्नाचं बघतायत घरचे, मला तर वजन वाढवायचंय." वाढव की, म्हटलं, पण दंडात वाढव. तुझ्या शेरवानीचं माप मीच घेणार आहे.