उघड्या दारांचे गाव

फ्रान्सच्या दक्षिण भागातील एका उंच पठारावर ल शांबों नावाचे लहानसे गाव आहे. तेथील हिवाळा कडक असतो. गावातील बहुतेक लोक प्रॉटेस्टंट पंथाचे ख्रिस्ती होते. १६८५ साली राजा चौदाव्या लुईने या पंथाचे संरक्षण काढून घेतले. तेव्हा त्यांच्या पूर्वजांचा फार छळ झाला. कित्येकांना रानात लपून प्रार्थना कराव्या लागल्या. त्या दिवसांच्या आठवणी गावाने पिढ्यान्‌पिढ्या जपल्या होत्या. संकटात मिळालेल्या आश्रयाचे मोल त्याला ठाऊक होते.

१९४० च्या जून महिन्यात फ्रान्सचा जर्मनीकडून पराभव झाला. सर्वत्र निराशा पसरली. अशा वेळी २३ जून रोजी, रविवारी, आंद्रे त्रॉक्मे आणि एदुआर तेइस या धर्मोपदेशकांनी गावकऱ्यांना एक कर्तव्य सांगितले : जुलमाचा प्रतिकार करावयाचा, परंतु आत्मबळाच्या शस्त्राने. शत्रूचाही द्वेष करावयाचा नाही, आणि अन्यायापुढे मानही तुकवावयाची नाही.

या शब्दांची कसोटी लवकरच लागली. त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी त्रॉक्मे यांच्या दारावर थाप पडली. बाहेर थंडीने कुडकुडणारी एक स्त्री उभी होती. ती ज्यू होती आणि जर्मनीतून जीव वाचवून आली होती. त्रॉक्मे यांच्या पत्नी माग्दा यांनी तिला तत्काळ घरात घेतले व जेवू घातले.

मग एकामागून एक निर्वासित येऊ लागले. त्यांत अनेक अजाण मुले होती. कोणी त्यांना शेतघरात ठेवले, कोणी वसतिगृहात, तर कोणी आपल्याच मुलांच्या शेजारी झोपविले. खोटी ओळखपत्रे तयार झाली. काहींना गुप्तपणे स्वित्झर्लंडच्या सीमेपलीकडे पोहोचविण्यात आले.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये पोलीस आले. त्यांनी लपलेल्या ज्यूंची नावे मागितली. त्रॉक्मे यांनी ती देण्यास साफ नकार दिला. शोध बरेच दिवस चालला. पण निर्वासित रानात व शेतघरांत पांगले होते. पोलिसांच्या हाती फारसे कोणी लागले नाही.

या कार्याची किंमतही मोजावी लागली. १९४३ च्या फेब्रुवारीत दोघाही धर्मोपदेशकांना अटक झाली. सरकारची आज्ञा पाळण्याच्या प्रतिज्ञेवर सही करण्याचे त्यांनी नाकारले. तरीही काही आठवड्यांनी त्यांची सुटका झाली. पुढे जूनमध्ये जर्मनांनी एका वसतिगृहावर धाड घातली. त्रॉक्मे यांचे नातलग दानिएल हे त्याचे व्यवस्थापक. ते त्या वेळी दुसरीकडे होते. पळून जाणे त्यांना शक्य होते. परंतु आपल्या विद्यार्थ्यांना सोडून जाणे त्यांना रुचले नाही. ते आपण होऊन परत आले. १९४४ साली माय्दानेकच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला.

युद्ध संपेपर्यंत या गावाने व भोवतालच्या खेड्यांनी अनेकांचे प्राण वाचविले. १९९० साली जेरुसलेम येथील याद वाशेम या संस्थेने त्यांचा गौरव केला. गावकऱ्यांना मात्र त्यात विशेष काही वाटले नाही. दारी आलेल्याला घरात घेणे, हाच त्यांचा धर्म होता.

स्वाध्याय
१. गावकऱ्यांना आश्रयाचे मोल का ठाऊक होते?
२. दानिएल यांचा कोणता गुण तुम्हांस आवडला? का?
३. ‘आत्मबळाचे शस्त्र’ म्हणजे काय, ते पाठातील प्रसंगांच्या आधारे सांगा.