पाठनिरीक्षणाचा अभिप्राय आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

प्राथमिक शाळांच्या शेरेबुकांची पाने चाळली असता काही वाक्ये पुनःपुन्हा आढळतात. ‘पाठ चांगला झाला.’ ‘शैक्षणिक साधनांचा वापर वाढवावा.’ ‘मागे पडणाऱ्या मुलांकडे लक्ष द्यावे.’ ही वाक्ये खोटी नसतात. परंतु ती कोणत्याही वर्गाला व कोणत्याही वर्षी लागू पडतात, आणि म्हणूनच ती शिक्षकाच्या उपयोगी पडत नाहीत. याचा सारा दोष मुख्याध्यापकांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. लहान शाळेत मुख्याध्यापकास स्वतःचा वर्ग सांभाळून शेजारच्या वर्गात बसावे लागते. पाठ संपतो न संपतो तोच पोषण आहाराची नोंद, भेटीस आलेले पालक आणि केंद्रावरून मागविलेली माहिती ही दारात उभी असतात. लिहावयास बसावे, तोवर पाठ मनातून पुसट झालेला असतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांस खुले झाले. तेव्हापासून अभिप्रायाचा मसुदा अशा साधनाकडून करवून घेण्याची सोय मोबाइलवरही उपलब्ध आहे. ही सोय वर्ज्य मानण्याचे कारण नाही. मात्र तिचे स्वरूप नीट जाणून घेतले पाहिजे. अफाट मजकुराच्या अभ्यासावरून कोणत्या शब्दांमागून कोणते शब्द येणे संभवनीय आहे, हे या यंत्राने आत्मसात केलेले असते. वर्ग मात्र त्याने पाहिलेला नसतो. ‘तिसरीच्या गणिताच्या पाठावर अभिप्राय लिहा’ एवढेच सांगितले, तर ते विनातक्रार लिहून देते. आणि पूर्वीचेच ‘पाठ चांगला झाला’ तीन परिच्छेदांचा अंगरखा घालून परत येते. आखूड पोकळ शेऱ्यापेक्षा लांबलचक पोकळ शेरा अधिक घातक, कारण त्यावर विश्वास बसतो.

तेव्हा सर्व भिस्त वर्गात बसून केलेल्या टिपणांवर आहे. समजा, इयत्ता तिसरीत हातच्याची वजाबाकी चालू आहे आणि मुख्याध्यापकांनी वहीत पुढीलप्रमाणे टिपले आहे: ‘११.१० – ५२ वजा २७. शिक्षकांनी गठ्ठा सोडून दहा काड्या सुट्या केल्या. ११.१८ – फळ्याजवळ आलेल्या मुलीचे उत्तर ३५. शिक्षक: “चूक. दुसरं कोण सांगेल?” एका मुलाने २५ सांगितले. ११.२० – “सगळ्यांना समजलं का?” “होऽऽ!” खिडकीकडील चौघांच्या वह्यांत ३५.’ या टिपणात एकही विशेषण नाही. घड्याळाची वेळ, कानी पडलेले शब्द आणि डोळ्यांना दिसलेली संख्या, एवढेच आहे.

हे टिपण यंत्रास देताना सूचनाही तितकीच नेमकी असावी. टिपणाबाहेरचे काहीही घालू नये. शिक्षकांचे एक चांगले काम, मुलांची एक अडचण आणि पुढील पाठात करून पाहण्याजोगी एकच कृती शंभर शब्दांत साध्या मराठीत लिहावी, असे सांगावे. इतके बजावूनही ‘विद्यार्थी उत्साहाने सहभागी झाले’ असे वाक्य मसुद्यात डोकावू शकते. वहीत उत्साहाची नोंद नाही. ते वाक्य खोडावे. ‘मुलीने हातचा घेताना चूक केली’ असेही येऊ शकेल. वास्तविक ३५ हे उत्तर हातचा घेताना चुकल्याचे दिसत नाही. २ मधून ७ जात नाहीत म्हणून ७ मधून २ उणे केले, आणि ५ मधून २ उणे केले, की ३५ येतात. हातचा घेतलेलाच नाही. काड्यांवर दिसलेली क्रिया फळ्यावरील अंकांपर्यंत पोहोचली नाही, हे येथील मर्म आहे आणि ते मुख्याध्यापकांनी स्वतः ओळखावयाचे आहे.

दुरुस्तीनंतरचा अभिप्राय असा होईल: ‘गठ्ठा सोडून दाखविल्यामुळे हातचा म्हणजे काय, हे मुलांना पाहावयास मिळाले. ३५ हे उत्तर फळ्यावर व चार वह्यांत आले. पुढील पाठात उत्तर चूक ठरविण्यापूर्वी “हे कसं काढलंस?” असे विचारावे व तेच उदाहरण मुलांकडून काड्यांवर करवून घ्यावे.’

प्रश्नानंतर शिक्षक किती थांबले, हेही टिपण्यासारखे आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले की शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद वा अधिक थांबल्यास मुलांची उत्तरे लांबतात व न बोलणारी मुलेही बोलू लागतात. असे मोजमाप वर्गात बसलेल्यानेच करावयाचे.

मसुद्यासाठी मजकूर देताना शिक्षकांचे, मुलांचे व शाळेचे नाव घालू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. कायदा नसता तरी सहकाऱ्याची उणीव नावानिशी बाहेर पाठविणे शोभले नसते. त्याचप्रमाणे, वार्षिक गोपनीय अहवालातील श्रेणी यंत्राकडून ठरवून घेऊ नये.

अभिप्राय शेरेबुकात उतरण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी शिक्षकांशी समक्ष बोलावे. त्या मुलीस फळ्याजवळ बोलावण्यामागे शिक्षकांचा काही हेतू असू शकेल, तो टिपणात येणे शक्य नाही. सांगितलेला हेतू पटल्यास मसुदा बदलावा. त्यानंतर स्वतःच्या अक्षरात लिहून सही करावी आणि आठवड्याभरात पुन्हा वर्गात जाऊन खिडकीकडील त्या चार वह्या उघडून पाहाव्यात.