नर्सिंगला पाठवायचं का?

“नर्सिंग म्हणजे सुया टोचायच्या आणि बेडपॅन उचलायचे,” असं म्हणत बारावीच्या मुलीचे पालक समोर बसतात. या कामात दोन्ही आहे, ते नाकारत नाही. पण एकदा डिस्चार्जच्या वेळी वॉर्डात थांबून पाहा. डॉक्टर राउंड उरकून गेलेले असतात आणि औषधांची पिशवी हातात धरून नातेवाईक विचारतात, “सिस्टर, आता घरी काय करायचं?”

याचं उत्तर देता येणं हीच या पेशातली मोठी विद्या. इन्सुलिनचंच बघा. आपल्याकडे एका मिलिलिटरला 40 युनिटची बाटली मिळते, तशी 100 युनिटचीही. सिरिंजही निरनिराळ्या, 40ची लाल टोपणाची आणि 100ची नारिंगी. 100च्या बाटलीतलं औषध 40च्या सिरिंजमध्ये भरलं, तर डोस अडीचपट जातो आणि शुगर धोकादायक खाली येते. “समजलं ना?” असं विचारलं की सगळेच माना डोलावतात. म्हणून जाणती सिस्टर सिरिंज सुनेच्या हातात देते आणि म्हणते, “आता तुम्ही भरून दाखवा.” रोज जागा बदलून का टोचायचं, फ्रीज नसेल तर बाटली मातीच्या गार भांड्यात कशी ठेवायची, हे त्यानंतर.

क्षयरोगाच्या औषधांमधल्या रिफाम्पिसिनमुळे लघवी लालसर होते. आधी सांगितलं नसेल तर माणूस रक्त समजून घाबरतो, गोळ्या सोडतो. साधा क्षयरोगही सहा महिने उपचार मागतो, आणि औषधं मध्येच सुटली तर तो औषधांना दाद न देणारा होऊ शकतो.

“रक्त पाहून चक्कर येते” ही भीती बहुतेकांची सरावाने जाते. त्यापेक्षा आजीला मोबाइल शिकवताना तेच तिसऱ्यांदा सांगावं लागलं की मुलगी चिडते का, ते बघा. पुस्तकं इंग्रजीत असतात, पण वॉर्डात अहिराणी किंवा गोंडी येणारी मुलगी फार उपयोगी पडते.

बी.एस्सी. चार वर्षांचं, त्याला भौतिक, रसायन, जीवशास्त्रासह बारावी आणि सीईटी लागते. जीएनएम तीन वर्षांचं, तिथे कला शाखेलाही वाट आहे. पुढे डायलिसिस, स्टोमा (पोटावर शस्त्रक्रियेने केलेला शौचमार्ग), पॅलिएटिव्ह केअर किंवा उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी. रात्रपाळी चुकत नाही. लहान खासगी रुग्णालयांत सुरुवातीचा पगार बेताचाच, आणि माणसं कमी पडली की समजावून सांगण्याच्या वेळेवरच आधी कात्री चालते. हे मुलीला आत्ताच सांगा.

मुलगा असेल तर “बायकांचं काम” म्हणून अडवू नका. लघवीची नळी घालून घरी जाणाऱ्या आजोबांना तिची निगा ब्रदरकडून समजून घेणं अनेकदा सोपं जातं.

कॉलेजची इमारत पाहून भुलू नका. भारतीय आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता तपासा, मग मुलांची ड्यूटी कोणत्या रुग्णालयात लागते ते विचारा. तिथे जाऊन खाटा भरलेल्या आहेत का, तेही बघून या.