आधी फोटो, मग खोदकाम

सारंगखेड्याची यात्रा तुम्ही पाहिली असेल. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. समजा, तिथे कोणी तुम्हांला एका घोड्याचा नुसता फोटो दाखवला. घोडा उंच की ठेंगणा, कसे सांगाल? नाही सांगता येणार. पण शेजारी लगाम धरून माणूस उभा असला तर? घोड्याची पाठ माणसाच्या छातीला लागते की खांद्याला, ते दिसते. लगेच अंदाज येतो.

गोष्ट साधी आहे. पण शास्त्रज्ञांनाही ती लागते. कुठे, ते पाहू.

सारंगखेड्याहून तापीच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की प्रकाशा लागते. गोमाई नदी तिथे तापीला मिळते. केदारेश्वराच्या दर्शनाला आपण जातो तेच गाव. तिथल्या जुन्या टेकाडात 1955 साली खोदकाम झाले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी ते केले.

टेकाड म्हणजे काय? जुन्या काळचे मातीचे घर पडते. लोक तिथेच भर घालतात, नवे घर बांधतात. तेही पडते. असे थरावर थर चढतात. आपण तिला गावाची पांढरी म्हणतो. प्रकाशाच्या सगळ्यांत खालच्या थरातले लोक तीन हजार वर्षांहून आधीचे. त्यांच्याकडे तांबे होते, दगडाची पाती होती, नक्षीची रंगीत भांडी होती. लोखंड नव्हते. लोखंड सापडले ते वरच्या थरात.

आता अडचण पाहा. पोथी कितीदा वाचली तरी पान जागेवर राहते. टेकाडाचे पान मात्र एकदाच वाचता येते. वरचा थर काढल्याशिवाय खालचा दिसत नाही, आणि काढला की तो संपला. पुन्हा कुणालाच दिसायचा नाही. मग शास्त्रज्ञ खरे सांगतो की खोटे, हे कसे ठरवायचे? म्हणून थर काढण्याआधी फोटो.

फोटोची तयारी लग्नघरासारखी चालते बरं का! खड्ड्याची बाजू तासून सरळ करतात. ब्रशाने धूळ झाडतात. टोपल्या, फावडी, चपला बाजूला नेतात. पायांचे ठसेसुद्धा पुसतात. कॅमेरा तीन पायांच्या घोडीवर ठेवतात. (ही घोडी बाजारातली नव्हे!) मग तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची मापाची काठी उभी करतात. घोड्याशेजारचा माणूस तो हाच. उन्हाचाही विचार करतात. कलते ऊन असले की सावल्या पडतात आणि जमिनीतली दगडांची ओळ उठून दिसते. भर दुपारी तीच ओळ सपाट वाटते.

माणसांचेही फोटो काढतात. कोण कुठे बसून खुरपतो आहे, खड्डा किती खोल गेला, ते त्यांत कळते. तेव्हा कॅमेऱ्याकडे बघून हसायचे नाही. हातातले काम चालू ठेवायचे. एखादे मडके आधी उचलले आणि फोटोसाठी परत मातीत ठेवले, तर तो फोटो लबाडीचा झाला. अशा फोटोंखाली साहेबांचे नाव असते. टोपली उचलणाऱ्या मजुराचे बहुधा नसते. ते असायला हवे, असे मला वाटते. मडक्याला पहिला हात पुष्कळदा त्याचाच लागतो.

प्रकाशाचा अहवाल पुढे सर्वेक्षणाच्या 'एन्शंट इंडिया' या ग्रंथमालेत छापून आला. ते खोदकाम ज्याने पाहिले नाही, त्यालाही तो वाचून पडताळा घेता येतो.

आता तुमचे शेत घ्या. विहीर खणताना रंगीत खापर लागले, मणी लागले, तर काय कराल? पोरे आधी उकरून काढतात. धुऊनपुसून घरी आणतात. वस्तू हाती राहते, पण ती कोणत्या थरात होती हे कायमचे जाते. तसे करू नका. हात थांबवा. शेजारी पोराची फूटपट्टी ठेवा. मोबाइलवर दोन फोटो घ्या, एक जवळून, एक लांबून. लांबच्या फोटोत बांध किंवा झाड येऊ द्या, म्हणजे जागा ओळखता येईल. मग तलाठ्याला कळवा. जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून जास्त किमतीचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, असा 1878 सालचा कायदाच आहे.

आणि वहीत टिपून ठेवा. तारीख लिहा, गट नंबर लिहा, किती हात खोल सापडले ते लिहा. खाली ज्याला सापडले त्याचे नाव लिहा. आता तुम्हांला लिहिता येते.