मुलाचा वकील कोण निवडतं?

प्रश्न : सोळा-सतरा वर्षांच्या पोरावर गुन्हा दाखल झाला तर त्याला सरकारी खर्चाने वकील मिळतो, असं ऐकलं. हा वकील कोण ठरवतं? त्याची पात्रता काय? की ज्याला काम नाही तो नवशिका गळ्यात मारतात?
– एक वाचक, देवळी (जि. वर्धा)

उत्तर : वकील मिळतो, आणि एक रुपयाही न देता. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ ने मोफत वकिलाचा हक्क ज्यांना दिला, त्यांत ‘बालक’ स्वतंत्रपणे नमूद आहे. म्हणून बापाची कपाशी किती एकरांत आहे, उत्पन्नाचा दाखला कितीचा आहे, हे इथे पाहिलं जात नाही. अठरा वर्षं पूर्ण झालेली नाहीत, एवढं पुरतं.

२०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे अशा मुलाला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत बालन्याय मंडळापुढे उभं करावं लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्या दोघांत किमान एक स्त्री. मुलाला वकील मिळतो आहे ना, हे बघणं मंडळाचं कर्तव्य आहे. नाव मात्र येतं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरून. तुमच्यासाठी ते वर्ध्याला, जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली.

पॅनेल कसं बनतं? २०१० च्या राष्ट्रीय विनियमांनुसार वकिलांकडून अर्ज मागवतात. अर्जासोबत अनुभवाचा पुरावा लागतो, आणि कोणत्या प्रकारच्या खटल्यांत हात बसला आहे तेही सांगावं लागतं. सरकारी वकील आणि देखरेख समिती यांच्याशी विचारविनिमय करून अध्यक्ष निवड करतात. तीन वर्षांपेक्षा कमी वकिली झालेल्याला सहसा घेत नाहीत. पॅनेल तीन वर्षांनी नव्याने बनतं. दिवाणी, फौजदारी, कौटुंबिक तशी बालन्यायाचीही वेगळी यादी करण्याची सोय आहे. तेव्हा सनद मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी कुणी तुमच्या मुलाचं वकीलपत्र घेईल, ही भीती नको.

पण तुमची शंका अगदीच निराधार नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीच्या ‘पोक्सो’ कायद्याखालच्या विशेष सरकारी वकिलाला सात वर्षांची वकिली लागते, आणि ती अट खुद्द कायद्यात आहे. मुलाची बाजू मांडणाऱ्या पॅनेलवरच्या वकिलाला तीन वर्षं, तीही विनियमातली आणि ‘सहसा’ म्हणून. घाबरलेल्या पोराला बोलतं कसं करायचं, हे त्याला येतं का, याची परीक्षा कुठेच नाही. तिथे प्रशिक्षणावर भिस्त आहे. इंग्लंडमध्ये वकिलांच्या लॉ सोसायटीने मुलांच्या खटल्यांसाठी वेगळी मान्यताप्रक्रिया ठेवली आहे. आपल्याकडे तशी हवी.

इथवर येणंही सोपं नव्हतं. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगांत डांबलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. १९८६ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की दर आठवड्याला दोन वकील प्रत्येक तुरुंगात पाठवा आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना मदत करा.

दिवाणी दाव्यांत रीत निराळी. सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालन कर्ता, असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेलच. जमिनीच्या वाटणीच्या दाव्यात अज्ञान मूल प्रतिवादी असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ प्रमाणे न्यायालय त्याच्यासाठी पालक नेमतं. तो सज्ञान, शहाण्या मनाचा हवा आणि त्याचा स्वार्थ मुलाच्या हिताआड येता कामा नये. म्हणजे त्याच जमिनीवर डोळा असलेला काका चालणार नाही. योग्य माणूस मिळालाच नाही, तर न्यायालय आपल्या एखाद्या अधिकाऱ्यालाही नेमू शकतं.

आता कामाच्या चार गोष्टी. १५१०० हा विधी सेवेचा फोन क्रमांक आहे. पॅनेलवरच्या एखाद्या वकिलाचं नाव माहीत असेल तर अर्जात सांगा. जिल्हा प्राधिकरणाचे सचिव ते मान्य करू शकतात. वकिलाने झेरॉक्सच्या नावाखालीही पैसे मागितले तर सचिवांकडे तक्रार करा, प्रकरण दुसऱ्याकडे सोपवता येतं. आणि पहिल्याच भेटीत बघा, वकीलसाहेब बापाशी बोलतात की पोराशी. त्यांचा पक्षकार पोरगा आहे. बापाला गावात अब्रू वाचवायची असते, म्हणून तो ‘कबूल करून टाक’ म्हणेल; वकिलाने तसं म्हणू नये.